बिगर अमोनियाचं डोकं

मे महिना सरत आला की उमरीत दोन ठिकाणी नंबर लावावा लागतो. एक खताच्या दुकानात, दुसरा कटिंगच्या. मृग तोंडावर आलेला असतो म्हणून शेतकरी डीएपीच्या मागे, आणि लग्नाच्या शेवटच्या तिथी उरलेल्या असतात म्हणून वऱ्हाडी कलपाच्या मागे. ह्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या रांगेत होतो. भाचीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. नवरीच्या मामाला तसं काम दोनच: मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मागे उभं राहून फोटोत यायचं. पहिल्या कामाची बहिणीला काळजी नव्हती. दुसऱ्यासाठी तिने फोन केला. "दादा, फोटो जन्मभर राहतो. मामा दिस, नवरीचा आजोबा नको दिसू."

माझ्या शेजारी बाकड्यावर पहिल्या रांगेतून नुकताच सुटलेला एक शेतकरी दाढीला बसला होता. त्याची दोन पोती बाहेर ऑटोत होती आणि एक डोळा त्या ऑटोवर होता. खुर्चीवर कुणीतरी आमच्याच वयाचा माणूस गळ्यापर्यंत कापड गुंडाळून बसलेला. त्याने आरशातूनच मालकाला विचारलं, "बिगर अमोनियाचा हाय ना?"

"आपल्याकडं दुसरा ठेवतच नाई," मालक म्हणाला.

शेतकऱ्याने मला कोपराने ढोसलं. "गुरुजी, हे अमोनिया मंजे आपल्या डीएपीतलंच का?"

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारला की राहवत नाही. मी सांगितलं, तेच. डीएपी म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट. पोत्यावर १८:४६:० लिहिलेलं असतं, त्यातलं १८ म्हणजे नत्र, आणि त्या नत्राचं मूळ अमोनियात.

"मंजे तेच्यातबी डाय अन् ह्याच्यातबी डाय."

"हो."

"अन् तेच्यात अमोनिया पाहिजे मनून आमी साडेतेराशेला पोतं घेऊलालो, अन् ह्याच्यात अमोनिया नगं मनून हे मालक जास्तीचे पैसे देऊलालेत."

दुकानात कुणी बोललं नाही. शेतकऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीखाली दोन कानांच्या वर थोडी थोडी झुडपं होती, मधलं सगळं पडीक. त्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "आमाला काय, कोनतंबी टाका. इथं उगवतच नाई."

'बिगर अमोनियाचा' हा शब्द ऐकला की मला 'मी घेत नाही, नुसती बिअर' असं म्हणणारा माणूस आठवतो. आमच्या लहानपणी कलप हा चोरीचा मामला होता. कलप लावायचा तो बिजवराने. पहिली बायको गेलेली, दुसरीसाठी मुलगी बघायला निघालेला माणूस रात्री न्हाणीत कोंडून घ्यायचा आणि सकाळी डोकं कावळ्यासारखं, मिशी भुंग्यासारखी, आणि कपाळावर दाभणाएवढी काळी रेघ घेऊन बाहेर यायचा. ती रेघ बघून मुलीकडचे वय विचारायचे नाहीत, सरळ हुंड्यात कमी करून मागायचे. कलप लावणं म्हणजे शौक, आणि शौक म्हणजे काहीतरी लपवाछपवी. आता तसं राहिलं नाही. बिगर अमोनियाचा लावणं हे पथ्य झालं आहे. बिनसाखरेचा चहा, बिनमिठाचं वरण, बिगर अमोनियाचा डाय. डॉक्टरने सांगितल्यासारखा चेहरा करून माणूस खुर्चीत बसतो. पंचायत समितीतून रिटायर झालेला माणूस, ज्याने उभ्या आयुष्यात तब्येतीसाठी एक चक्कर मारली नाही, तोही बजावतो, "केमिकल नगं हां."

माझ्या आजोबांना कलपाची कधी गरज पडली नाही. त्यांचे केस चाळिशीत पांढरे झाले असं आजी सांगायची. ते तिलाच ठाऊक, कारण आम्ही आजोबांना फेट्याशिवाय पाहिलं ते थेट आजारपणात. पंधरा दिवसांतून एकदा वारीक यायचा. लिंबाखाली पाट टाकला जायचा. धोकटी उघडली की त्यातून वस्तरा, चिमटा, नराणी, तुरटीचा खडा, पितळेची वाटी आणि तळहाताएवढा आरसा निघायचा. तो आरसा आजोबा उलटा धरायचे आणि "झालं का?" असं त्यालाच विचारायचे. पैसे नाहीत; सुगीला खळ्यावर ज्वारी. त्या धोकटीत रंग असण्याचं कारणच नव्हतं. फेट्याखाली काय पिकलं आहे ते कुणाला दिसत होतं? माझं असं मत आहे की मराठवाड्यात डाय आणला तो कुठल्या कंपनीने नव्हे, तो फेटा आणि टोपी गेल्याने आला. डोकं उघडं पडलं आणि मग ते रंगवावं लागलं. आता लग्नात पाहुण्यांना फेटे बांधतात, पण ते फोटोपुरते, आणि त्याआधी डाय लावून झालेला असतो. म्हणजे खर्च दुप्पट.

कंपन्यांनी मात्र आपलं काम चोख केलं. गोदरेजने १९७४ साली द्रवरूप डाय बाजारात आणला. पुढे पावडरच्या पुड्या आल्या, काळी मेंदी आली, आणि किराणा दुकानात शांपूच्या माळेशेजारी तारुण्याचीही माळ लटकू लागली. शहरातल्या सलूनमध्ये अमोनियाशिवायचा रंग गाजवला तो लॉरिआलच्या 'इनोआ'ने, २००९ साली. त्या नावातच 'नो अमोनिया' दडवलेलं आहे. तीन वर्षांनी गोदरेजने तीस रुपयांच्या पुडीत बिगर अमोनियाचं क्रीम आणलं, आणि जे पुण्यामुंबईच्या सलूनमध्ये हजारात होतं ते उमरीच्या आठवडी बाजारात मिरची-मसाल्याशेजारी मिळू लागलं. आमच्या दुकानात आता तीन दर आहेत. साधी मेंदी, काळी पुडी आणि 'ट्यूबवाला'. ट्यूबवाला म्हणजे बिगर अमोनियाचा, पर्मनंट. पर्मनंट हा शब्द मालक असा उच्चारतो की मास्तरकीच्या ऑर्डरची आठवण व्हावी.

माझं आणि ह्या विद्येचं पहिलं भांडण पंचवीस वर्षांपूर्वी झालं होतं. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि शाळेत इन्स्पेक्शन होतं. एका रविवारी काळ्या मेंदीची पुडी आणली. कुणाची ते जाऊ द्या. पुडीवर पान होतं, फूल होतं, 'नैसर्गिक' असं ठसठशीत लिहिलं होतं. रात्री लावली. सकाळी कपाळाला खाज, दुपारी कान लाल, आणि मंगळवारी सकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांच्या जागी दोन चिरा. तसाच शाळेत गेलो. तिसरीचा वर्ग उभा राहिला तो बसेचना. एका पोरीने रडायला सुरुवात केली. साहेब आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, हजेरीपटावर सही केली आणि म्हणाले, "गुरुजी, मधमाश्या का?" मी हो म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांशी बोललेलं ते एकमेव खोटं, आणि त्याचं इन्स्पेक्शनमध्ये चांगलं फळ मिळालं.

तेव्हा मला वाटलं, अमोनियाने केलं. गावातही तसंच म्हणाले. नंतर नांदेडला चामडीच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा कळलं की खरा गडी दुसराच. त्याचं नाव पॅरा-फेनिलिन-डायअमिन. बघा, इथेही डाय. हा पदार्थ केसांना रंग देतो हे १८६३ साली हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं, आणि तेव्हापासून जगात ज्याला ज्याला 'पर्मनंट काळा' हवा आहे त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा हाच किंवा ह्याचाच कुणी चुलत-मावस भाऊ असतो. नैसर्गिक म्हणवणाऱ्या कित्येक काळ्या मेंद्यांतही. मेंदीच्या पानाचा रंग केशरी, ती काळी होते ती ह्या पाहुण्यामुळे. आणि बहुतेक बिगर अमोनियाच्या ट्यूबमध्येही हा असतोच. अमोनिया नाही ह्याचा अर्थ अमोनिया नाही एवढाच.

मग अमोनिया करतो काय? हे मी शेतकऱ्याला बाकड्यावर समजावून सांगितलं, कारण त्याचा नंबर अजून आला नव्हता आणि माझाही. केसावर कौलं असतात. एकावर एक बसवलेली, आमच्या जुन्या माळवदाच्या घरांवर नव्हती पण कोकणात असतात तशी. रंग आत जायचा तर कौलं उचलायला पाहिजेत. अमोनिया ते काम करतो. मग पेरॉक्साइड आत शिरतं, आतला जुना रंग फिका करतं आणि ट्यूबमधल्या बारीक बारीक रेणूंना एकमेकांशी जोडून मोठं करतं. मोठे झाले की ते बाहेर पडू शकत नाहीत. लहानपणी खिडकीच्या गजांतून आत शिरलेलं पोर जेवून फुगलं आणि अडकलं, तसं. म्हणून पर्मनंट.

"अन् बिगर अमोनियात कौलं कोन उचलतंय?"

हा प्रश्न दहावीच्या परीक्षेत एका पोराने विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. उचलतं कुणीतरीच. मोनोइथेनॉलअमिन नावाचा पदार्थ. तो अमोनियापासूनच बनवतात, म्हणजे अमोनियाचा पोरगाच म्हणा. फरक एवढाच की बाप बाटली उघडली की उडून दुकानभर फिरायचा, सगळ्यांच्या नाकात शिरायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. पोरगा शांत आहे, उडत नाही, जागेवर बसून काम करतो. म्हणून वास नाही.

"मंजे अमोनिया घरात नाई, पर भावकी समदी बसल्याली हाय," शेतकरी म्हणाला आणि उठून दाढीला गेला.

त्याने एका वाक्यात जे सांगितलं ते कंपनीच्या खोक्यावर कुठेच नसतं. गेला तो फक्त वास. आणि वास हाच तर एकमेव साक्षीदार होता. पूर्वी कुणी डाय लावला की तीन दुकानं पलीकडे चहावाल्याला कळायचं. गल्लीत शिरलं की पोरं नाक दाबायची. म्हणून लोक रात्री लावायचे, म्हणून चोरीचं वाटायचं. साक्षीदार फुटला आणि खटला पथ्यात निघाला.

ह्या धंद्यात निरुपद्रवीपणाची जाहिरात नवी नाही, हे मला एका जुन्या पुस्तकात सापडलं तेव्हा मजा वाटली. युजीन श्युएलर नावाचा पॅरिसचा तरुण रसायनशास्त्रज्ञ रात्री घरात रंग घोटायचा आणि दिवसा न्हाव्यांच्या दुकानांत विकायला जायचा. १९०९ च्या जुलैमध्ये त्याने कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं, मराठीत सांगायचं तर, 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. तीच पुढे लॉरिआल झाली. आज तिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. आणि त्याच १९०९ च्या जुलैत, तिकडे जर्मनीत, फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. त्यातूनच पुढे जगातल्या खताच्या पोत्यांचा उगम झाला. म्हणजे आमच्या दुकानाबाहेर उभा असलेला ऑटो आणि दुकानाच्या आतली ट्यूब एकाच महिन्याची जुळी भावंडं. दोघांची भेट व्हायला उमरीचा आठवडी बाजार लागला.

माझा नंबर आला. मी मालकाला म्हटलं, मला पूर्वी त्रास झालेला आहे, आधी थोडासा लावून बघ. हे बरं झालं की तो नव्या पिढीचा आहे, नांदेडला शिकून आला आहे. भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, त्याखाली कोर्सचं सर्टिफिकेट. तो म्हणाला, "हाव, पॅच टेस. अठ्ठेचाळीस तास ठेवायचं." खरं तर ज्याला एकदा एवढं सुजलं आहे त्याने ह्या वाटेला पुन्हा जाऊच नये, असं डॉक्टरने मला सांगितलं होतं. मालकाने मग ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं मोबाईलची बॅटरी लावून वाचली आणि कपाटातून दुसरं खोकं काढलं, ज्यात तो जुना गडी नव्हता. महाग होतं. कानामागे पैशाएवढा ठिपका लावून मला घरी पाठवलं.

अठ्ठेचाळीस तास. पुण्यात असे अठ्ठेचाळीस तास जात असतील, उमरीत जात नाहीत. पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं. एकाला वाटलं गोचीड. एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, तीट लावली का? कोनाची नजर लागूलाली तुमाला ह्या वयात?" शेजारच्या पोराने तर रुमाल ओला करून पुसायलाच घेतलं, त्याला थांबवण्यात माझी दुपार गेली. सौ.ने काही विचारलं नाही. तिने फक्त आतून भाकरी थापता थापता म्हटलं, "ज्याला नजर लागायची ती लागून गेली चाळीस वर्षांपूर्वी."

तिसऱ्या दिवशी कान शाबूत होता. मी जाऊन खुर्चीत बसलो. मालकाने प्लॅस्टिकच्या वाटीत ट्यूब पिळली. पांढरी, टूथपेस्टसारखी, काळ्याचा पत्ता नाही. त्यात बाटलीतलं पातळ ओतलं आणि पोऱ्याला म्हणाला, "वीस व्हॉल्यूम हाय नव्हं?" मागे बाकड्यावरचे एक आजोबा म्हणाले, "वीसच ठेव बाबा, कान दुखतेत." टीव्ही बंद होता. ब्रशने ढवळलं की ते पांढरं आधी बदामी झालं, मग जांभळट, मग जसं जसं हवेत राहिलं तसं काळं होत गेलं. दूध नासताना बघावं तसं मी ते बघत होतो. मग कपाळाला, कानाच्या पाळ्यांना व्हॅसलीन, शेपटीच्या कंगव्याने भांग पाडत एक एक थर, मुळापासून. थंडगार. वास खरोखर नव्हता, फुलासारखं काहीतरी. डोक्याभोवती केस चिकटून बसले आणि मी आरशात बघितलं तर पावसात सापडलेला बोका दिसला. मालकाने मोबाईलवर पस्तीस मिनिटं लावली आणि चहा प्यायला गेला.

तिसाव्या मिनिटाला लाईट गेली.

लाईट गेली ह्याचं उमरीत कुणाला आश्चर्य वाटत नाही. पण टाकी रिकामी होती आणि बोअरची मोटार लाईटवर. पोऱ्याने नळ फिरवला, नळाने दोन वेळा खोकून दाखवलं आणि हात वर केले. पस्तीस झाली. चाळीस झाली. मालक परत आला, त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघणं टाळलं. बाहेर रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी होते. एकाला मी चौथीत 'वेळेचं महत्त्व' हा निबंध पाठ करायला लावला होता. तेवढ्यात थंड पाण्याच्या जारची गाडी गेली. मालक धावला. वीस लिटरचा जार, फिल्टरचा, बर्फासारखा. मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, लोक ज्या पाण्यासाठी लग्नात भांडतात त्या पाण्याने माझं डोकं धुतलं गेलं. पहिला तांब्या पडला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी शाळेत कधीच बोललो नव्हतो. विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवलं असावं.

पण रंग बसला. असा बसला की मी वर्गात शिरलो असतो तर मुलांनी नवे गुरुजी आले म्हणून खडू लपवले असते.

लग्न नांदेडला होतं. जाताना एस.टी.ने निघालो. पासष्ट पूर्ण झाल्यापासून मला अर्धं तिकीट आहे आणि आजवर एकाही कंडक्टरने मला आधार कार्ड मागितलं नव्हतं. डोकं बघून तो अर्धं फाडायचा. ह्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, पुन्हा बघितलं. "किती?" "एक अर्धं." "कोनाचं?" सगळ्या गाडीने वळून बघितलं. मी खिसे चाचपले. कार्ड दुसऱ्या शर्टात, सौ.च्या पिशवीत, त्या पिशवीत पापडाच्या डब्याखाली. तोवर पूर्ण तिकीट फाडून झालं होतं. शेजारी बसलेल्या सौ.ला मात्र अर्धं मिळालं, कारण बायकांना सरसकट अर्धं आहे आणि त्यासाठी वय सांगावं लागत नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणखी काळे करा." रेल्वेने गेलो असतो तर हा प्रसंगच आला नसता; तिथली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, तिथे पांढऱ्या-काळ्याला एकच भाव.

लग्नात फोटो चांगले आले. पण एक गंमत झाली. आमच्या उमरीची एक गोष्ट मी दर लग्नात सांगतो: १९४८ च्या जानेवारीत हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक कशी लुटली, लढ्याला पैसा कसा उभा केला. ही गोष्ट मला माझ्या चुलत्यांनी सांगितली. ते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की सांगताना मला बंदुकीचे आवाज येतात. पांढऱ्या केसांनी सांगायचो तेव्हा पोरं डोळे मोठे करून ऐकायची. माझा जन्म १९५८ चा आहे ही वजाबाकी आजवर कुणी केली नव्हती. ह्या वेळी अर्ध्यावर आलो आणि नवरदेवाचा एक मित्र म्हणाला, "काका, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर तेव्हा नसाल." त्याने वजाबाकी केली. काळ्या केसांनी सांगितलेला इतिहास म्हणजे ऐकीव माहिती.

लग्न झालं, उमरीला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चुलते गेले. वय ब्याण्णव. रात्री दूध-भाकरी खाल्ली, झोपले, उठलेच नाहीत. सोनं झालं म्हणायचं. डोक्यावर कापसाच्या बोंडासारखे पांढरेशुभ्र केस, एक गळालेला नाही. शेवटपर्यंत त्यांनी केसांना गोडेतेलाशिवाय काही लावलं नाही आणि ऐंशीनंतर मला एकदाच विचारलं होतं, "तुझे कामून पिकले रे एवढ्यात?"

आमच्या भावकीत दहाव्याला सगळ्यांनी डोकं करायचं असतं. हे मला नवव्या दिवशी रात्री आठवलं. सौ.ला आधीच आठवलं होतं, पण ती बोलली नव्हती, हे तिने नंतर सांगितलं.

दहाव्याला गोदावरीच्या काठावर आम्ही चौदा जण ओळीने उघडे बसलो. बाभळीच्या सावलीत धोकटी उघडलेली होती. आणि धोकटीमागे तोच, आमच्या दुकानाचा मालक. इथे तो मालक नव्हता. त्याच्या आजोबांनी आमच्या आजोबांचं केलं होतं म्हणून दिवसपाण्याला अजून ह्याच घराला बोलावतात, सर्टिफिकेट असो नसो. माझी पाळी आली. त्याने पाण्याने डोकं भिजवलं आणि हात थांबला. बोटाने केस बाजूला केले, जवळ येऊन मुळाशी बघितलं. पंधरा दिवस झाले होते. मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं वर आलं होतं, आणि त्याच्यावर काळं, एकसारखं, कुठे लालसर नाही, कुठे पिवळट नाही.

"रंग काय बसलाय गुरुजी," तो हळूच म्हणाला. "एक केस सुटला नाई."

"पर्मनंट म्हणाला होतास."

"पर्मनंटच हाय की." त्याने वस्तरा लावला. "डाग पडला होता का कातडीवर? नाई ना? बगा."

काळ्या केसांचे पुंजके पुढ्यातल्या धोतराच्या तुकड्यावर पडत होते. ओळीत बसलेल्या बाकी तेरा जणांचे पांढरे, राखी, एक-दोन मेंदीचे केशरी; माझा ढीग लांबूनही ओळखू येत होता. पुढे बसलेला पुतण्या त्या ढिगाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. नदीला उन्हाळ्याचं पाणी, घोट्याएवढं. मिशी राहिली होती, तीही गेली. त्याने तुरटीचा खडा ओला करून डोक्यावरून फिरवला, झोंबलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं चुलत्यांसाठी. थोडं होतंही.

नारळ, धोतर आणि दक्षिणा हातात पडल्यावर त्याने वस्तरा पुसून धोकटीत ठेवला. जाता जाता माझ्याजवळ वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ट्यूब अर्धीच लागली होती गुरुजी. झाकण घट्ट लावून ठिवली हाय. बोटभर आले की या."